कोडावर मलम आणि लाइट : उपचार सुरू करताय तर आधी हे वाचा

चिठ्ठीवर एका मलमाचं नाव असतं आणि त्याखाली लिहिलेलं असतं, ‘एनबी-यूव्हीबी, आठवड्यातून दोनदा’. बोलताना याला ‘लाइट’ म्हणतात, डागांवर घ्यायचे अतिनील किरण. ओपीडीबाहेर रांग लागलेली असते, डॉक्टर पुढच्या पेशंटला आत बोलावतात आणि आपण कागद घडी करून बाहेर येतो. मलम कधी लावायचं, लाइट म्हणजे काय, किती महिने घ्यायची, रंग कधी येणार, हे मग मावशी, मेडिकलवाला आणि मोबाइल असे तिघं मिळून सांगतात, आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. त्या कागदापासून पुढचं सगळं इथे लिहिलंय. डोस ठरवणं आणि बदलणं डॉक्टरांचंच काम, पण तो डोस का आणि कसा ठरतो हे पेशंटला माहीत असलं की उपचार मध्येच सुटत नाही. कोडात सगळ्यात जास्त नुकसान मध्येच सोडल्यानेच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी निदान पक्कं करा

प्रत्येक पांढरा डाग कोडाचा नसतो. मुलांच्या गालावरचे फिकट, किंचित खवलेदार चट्टे बहुतेक वेळा साधे असतात आणि आपोआप जातात. घरात मात्र जंत आणि कॅल्शियमची चर्चा सुरू होते. छाती-पाठीवर उठणारी शिबं बुरशीमुळे येतात आणि बुरशीच्या औषधाने बरी होतात. कुष्ठरोगाच्या डागाला स्पर्श कमी कळतो. कोडाच्या डागाला स्पर्श, गरम-गार, टोचणं सगळं नीट कळतं. कोड संसर्गजन्य नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. सरकारी रुग्णालयात ‘त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग’ अशी एकच पाटी असते, ती बघून परत फिरू नका.

त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प धरून बघतात. त्या जांभळट उजेडात कोडाचा डाग निळसर पांढरा चकाकतो आणि साध्या डोळ्यांना न दिसलेले डागही तेव्हाच सापडतात. सोबत थायरॉइडची रक्ततपासणी सांगतात, कारण कोड असलेल्यांमध्ये थायरॉइडचा त्रास जास्त आढळतो.

पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचाराच. माझं कोड पसरतंय की स्थिर आहे? आणि ते शरीराच्या एकाच बाजूच्या पट्ट्यात आहे का? एका बाजूचा हा प्रकार, म्हणजे सेगमेंटल कोड, सहसा लहान वयात सुरू होतो, काही महिने पसरतो आणि मग थांबतो. त्याचा पुढचा हिशेब वेगळा असतो. कोड जोरात पसरत असेल, डागांच्या कडा अस्पष्ट असतील, बारीक ठिपके नव्याने उठत असतील, तर नुसत्या मलमावर भागत नाही. अशा वेळी बरेच डॉक्टर आठवड्यातले फक्त दोन दिवस, लागोपाठ, स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. ही पद्धत दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. जे. एस. पसरिचा यांच्या कामातून रूढ झाली. पेशंटांच्या तोंडी त्या ‘शनिवार-रविवारच्या गोळ्या’ असतात. त्या चिठ्ठीत दिसल्या तर घाबरू नका, पण डॉक्टरांना न विचारता वाढवूही नका.

मलम आणि लाइट दोन्ही कशाला?

कोडात आपल्याच रोगप्रतिकारक पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. मलमाचं काम हा हल्ला शांत करणं. पण मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी कुठून येणार? त्या येतात मुख्यतः केसांच्या मुळांमधून. तिथे रंगपेशींचा राखीव साठा असतो, आणि लाइट त्यांना जागं करून वर, त्वचेकडे यायला लावते.

हे एकदा समजलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. डागातले केस काळे असतील तर आशा चांगली. केस पांढरे झाले असतील तर साठाच संपत आलेला असतो आणि रंग येणं अवघड. चेहरा आणि मान सगळ्यात लवकर प्रतिसाद देतात, त्यानंतर दंड, मांड्या, पोट-पाठ. बोटांची टोकं, तळवे, ओठ इथे केसच नाहीत किंवा अगदी कमी आहेत, म्हणून या जागा सगळ्यात हट्टी. उपचार सुरू करण्याआधी उजेडात बसून प्रत्येक डागातले केस बघा आणि कुठल्या डागाकडून किती अपेक्षा धरायची ते लिहून ठेवा. सहा महिन्यांनी चेहरा भरला पण बोटं तशीच राहिली, तर ‘औषध लागू पडलं नाही’ असं वाटणार नाही.

ब्रिटनमध्ये ५१७ जणांवर झालेल्या हाय-लाइट चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी वापरायचं हातातलं लाइटचं मशीन आणि मोमेटासोन नावाचं स्टिरॉइड मलम, असे उपचार त्यात तपासले. नऊ महिन्यांनी ‘आता डाग खूपच कमी उठून दिसतो किंवा दिसतच नाही’ असं म्हणणारे नुसत्या मलमाने १७ टक्के, नुसत्या लाइटने २२ टक्के आणि दोन्हींनी २७ टक्के निघाले. आकडे फार मोठे नाहीत. ‘तीन महिन्यांत शंभर टक्के’ अशी जाहिरात दिसली की हे आकडे आठवायचे. त्याच चाचणीतली आणखी एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते : ठरल्याप्रमाणे नियमितपणे उपचार करू शकलेले लोक जेमतेम निम्मे होते.

मलम कसं लावायचं

चिठ्ठीत बहुधा पुढच्यांपैकी एखादं असेल.

स्टिरॉइड मलम अंगावरच्या छोट्या डागांवर चांगलं काम करतं, पण ते ठरलेल्या मुदतीपुरतंच. कधी एक आठवडा लावायचं आणि एक आठवडा थांबायचं, असं चक्र देतात. न थांबता महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि डोळ्यांजवळ लावल्यास काचबिंदूचा धोका असतो. आपल्याकडे ही मलमं मेडिकलमध्ये मागितली की मिळतात, तीच तर अडचण आहे. शेजारणीला लागू पडलेली ट्यूब तुमच्या गालासाठी नसते.

टॅक्रोलिमस चेहरा, मान, पापण्या, काखा अशा नाजूक जागांसाठी. मोठ्यांना ०.१ टक्के, लहान मुलांना बहुधा ०.०३ टक्के, सहसा दिवसातून दोनदा. पहिले काही दिवस जळजळ होते आणि अनेक जण तिथेच ट्यूब ठेवून देतात. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं होऊ द्या आणि मगच लावा, त्रास कमी होतो. आठवडाभरात जळजळ बरीच उतरते. हे मलम चालू असताना दारू घेतल्यावर काहींचा चेहरा लालबुंद होतो, ते याच औषधामुळे. डब्यातल्या कागदावर कॅन्सरचा इशारा वाचून धसका घेऊ नका, पण लपवूनही ठेवू नका. तो कागद डॉक्टरांसमोर उघडा आणि विचारा.

रक्सोलिटिनिब १.५ टक्के ही या यादीतली नवी क्रीम. अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२२ मध्ये १२ वर्षांवरच्यांच्या नॉनसेगमेंटल, म्हणजे एका बाजूच्या पट्ट्यापुरतं नसलेल्या, कोडासाठी तिला मान्यता दिली. खास कोडात रंग परत आणण्यासाठी मान्यता मिळालेलं तिथलं हे पहिलंच औषध. दिवसातून दोनदा, शरीराच्या जास्तीत जास्त १० टक्के भागावर लावायची असते. मोठ्या चाचण्यांत २४ आठवड्यांनी साधारण ३० टक्के लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भरले, आणि वर्षभर लावत राहिलेल्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं. महागडं औषध, तरी घाई नाहीच! कुणी परदेशातून आणून दिलेली ट्यूब स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

किती लावायचं याचं माप सोपं आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ट्यूबमधून जी रेघ निघते ती साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि तेवढी दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. बोटांसकट एक तळहात म्हणजे साधारण एक टक्का शरीर. डाग किती टक्के आहेत हेही याच मापाने मोजता येतं, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलायला तो आकडा उपयोगी पडतो.

लाइटची पहिली बैठक

एनबी-यूव्हीबी म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण, सूर्यप्रकाशातला एक अरुंद पट्टा वेगळा काढलेला. कोडासाठी याचा वापर अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये मांडला. त्याआधी सोरालेन गोळी घेऊन किरण घ्यायची पद्धत जोरात होती; मळमळ, डोळ्यांची काळजी असा बराच जाच असायचा. आता ती मागे पडली आहे.

चेंबर म्हणजे उभं कपाट, आतून चारी बाजूंना लांब ट्यूबलाइट, वर पंखा. डाग थोडे असतील तर छोटं पॅनल किंवा हातातलं मशीन वापरतात. जाताना त्वचा स्वच्छ आणि कोरडी असू द्या. मलम, सनस्क्रीन, अत्तर, काहीही लावलेलं नको. मलम लाइट झाल्यावर लावायचं. काळा गॉगल सक्तीचा, आणि तो स्वतःचा असला तर उत्तम. पुरुषांनी जननेंद्रिय झाकायचं. चेहऱ्यावर डाग नसतील तर चेहराही झाका. पापणीवर डाग असेल तर काय करायचं ते डॉक्टर सांगतील.

आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही : दर वेळी त्याच मापाची अंतर्वस्त्रं घाला. दहा-बारा बैठकांनी डोस वाढलेला असतो. त्या दिवशी चड्डी दोन बोटं आखूड असली तर आजवर झाकलेली ती पट्टी पहिल्यांदाच एवढा डोस घेते आणि संध्याकाळी भाजल्यासारखी लाल होते.

सुरुवातीचा डोस साधारण २०० मिलिज्यूल (किरणांच्या ऊर्जेचं माप, दर चौरस सेंटीमीटरला) असतो आणि वेळ अगदी थोडा. आत शिरलो, डोळे मिटले आणि संपलंसुद्धा, असं पहिल्या दिवशी वाटतं. एवढ्यासाठी एवढ्या लांब आलो, असंही वाटतं. मग दर वेळी डोस १० ते २० टक्के वाढवतात, डागावर हलकी गुलाबी झाक येईपर्यंत. ती झाक २४ तासांच्या आत उतरली पाहिजे. हीच या उपचाराची खूण, आणि ती बघायचं काम तुमचं, कारण तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी नसतो. गुलाबी झाकच येत नसेल तर डोस वाढायचा आहे. गुलाबी आली आणि वेळेत गेली तर तोच डोस चालू. गडद लाल झालं तर फिकट होईपर्यंत थांबा. दुखलं, फोड आले तर बैठक बंद आणि डॉक्टरांना फोन. तंत्रज्ञाने ‘मागच्या वेळी काय झालं?’ असं विचारलं नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.

बैठका आठवड्यातून दोन किंवा तीन, लागोपाठच्या दिवशी कधीच नाहीत. सोमवार-गुरुवार धरला तर तोच सांभाळा. चुकलीच तर डोसचा साधारण नियम असा : चार ते सात दिवस गेले तर तोच डोस, आठ ते चौदा दिवस गेले तर पाव भाग कमी, तिसरा आठवडाही गेला तर निम्मा, आणि तीन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. गणपतीला गावी गेलात आणि परत येऊन जुन्याच डोसवर उभे राहिलात तर भाजणार. म्हणून वही ठेवा : तारीख, डोस, दुसऱ्या दिवशीचा रंग.

मशीन कुठलं निवडायचं? घराच्या किंवा ऑफिसच्या वाटेवरचं. नावाजलेल्या डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी जा, पण लाइट जवळ घ्या. ठाण्याहून लोकल बदलून दादरला आठवड्यातून दोनदा वर्षभर जाणं फार थोड्यांना जमतं. पाच-सहा महिन्यांनी परीक्षा, लग्नसराई, पाऊस असं काहीतरी निघतंच.

ल्युपस असेल, उन्हाने अंगावर रॅश उठत असेल, पूर्वी त्वचेचा कॅन्सर झाला असेल, किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं उन्हाचा त्रास वाढवणारं औषध चालू असेल तर सुरुवातीलाच सांगा. गरोदरपणात ही लाइट देता येते. मात्र फोलिक अ‍ॅसिड आणि मलम कोणतं, याबद्दल डॉक्टरांना विचारा.

घरी मशीन घेणार असाल तर

डाग मोजके असतील तर हातातलं मशीन सोयीचं. तपासायचं एकच : ट्यूब ३११ नॅनोमीटरचीच आहे ना, उदाहरणार्थ फिलिप्सची टीएल-०१. जंतू मारणारे यूव्हीसी दिवे आणि चेहऱ्यासाठी विकले जाणारे लाल दिवे यांचा इथे उपयोग नाही. यूव्हीसीने तर डोळे आणि त्वचा भाजेल.

सोबतच्या पुस्तिकेत मशीनची तीव्रता दिलेली असते. डोस भागिले तीव्रता म्हणजे सेकंद. तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅट असेल तर २०० मिलिज्यूलसाठी ४० सेकंद. दहा टक्के वाढवले की ४४. अंतर बदललं की हिशेब बदलतो, म्हणून मशीन पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावरच धरा. ट्यूब जुनी झाली की तीव्रता उतरते, आणि नवी बसवली की जुन्याच सेकंदांवर डाग भाजतो. पहिल्या चार-पाच बैठका दवाखान्यात घ्या, मग घरी करा. मुलांच्या हाती मशीन देऊ नका, आणि घरातले इतर लोक त्या वेळी खोलीत नकोत.

पहिले तीन महिने

याच काळात लोक सोडतात, आणि कारण अगदी साधं आहे. लाइटने आजूबाजूची चांगली त्वचा काळवंडते, डाग गुलाबी होतो आणि पूर्वीपेक्षा जास्त उठून दिसतो. घरचे म्हणतात, ‘अगं, वाढलं की हे!’ वाढलेलं नसतं. फरक ओळखायचा तर डागाची कड बघा : बॉलपेनने कडेवर ट्रेस केलेला प्लॅस्टिकचा कागद महिन्याने पुन्हा ठेवला की कड सरकली की नाही ते लगेच कळतं.

रंग यायला लागतो तेव्हा डागाच्या मध्यभागी केसांभोवती तीळ सांडल्यासारखे तपकिरी ठिपके दिसतात. ते हळूहळू पसरतात आणि एकमेकांना मिळतात. काही डाग कडेने आत भरत येतात. मोबाइलवर महिन्यातून एकदाच फोटो काढा. तीच खिडकी, तीच वेळ, फ्लॅश बंद. रोज आरशात बघून काहीच कळत नाही आणि जीव मात्र टांगणीला लागतो.

किती बैठकांनंतर निकाल लावायचा? ४८ च्या आत ‘लागू पडत नाही’ म्हणू नये, असं तज्ज्ञांचं मत आहे. आठवड्याला दोन धरल्या तर हे जवळजवळ सहा महिने होतात. काहींना प्रतिसाद दिसायला ७२ पर्यंतही जावं लागतं.

या काळात काय टाळायचं

बावचीचं तेल लावून उन्हात बसणं, हा सल्ला कुणीतरी देणारच. बावचीत सोरालेन खरंच असतं आणि पूर्वापार कोडावर वापर आहे, म्हणूनच ते धोक्याचं : तेलातलं प्रमाण कळत नाही, ऊन मोजता येत नाही, आणि मोठमोठे फोड येतात. लाइट चालू असताना तर नकोच. लाइटच्या दिवशी बाकीचं ऊनही टाळा, उघड्या भागाला लाइटनंतर सनस्क्रीन लावा.

घासलं, खरचटलं, आवळलं की त्या जागी नवा डाग उठू शकतो. परकराचा किंवा सलवारीचा घट्ट नाडा, ब्राची पट्टी, चपलेचा अंगठा, घड्याळाचा पट्टा, खरबरीत घासणी. नाड्याऐवजी रुंद इलॅस्टिक, दगडाऐवजी नुसता हात. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदातली आणि काही रबरी चपलांतली रसायनंही रंगपेशी मारतात. कपाळाच्या मधोमध किंवा चपलेच्या पट्ट्याखाली डाग असेल तर ती वस्तू आजच बंद करा, कुंकू लावा, चामड्याची चप्पल घाला. केसांच्या डायबद्दलही डॉक्टरांना विचारा.

दूध-मासे, दही, लिंबू यांच्या पथ्याला आधार नाही. जेवण नीट जेवा.

रंग आल्यावर, किंवा नाही आला तर

डाग भरला म्हणून लाइट एकदम बंद करत नाहीत. साधारण पहिला महिना आठवड्याला दोन, दुसरा महिना एक, तिसरा महिना पंधरा दिवसांतून एक, मग बंद. ब्रिटनच्या चाचणीतही उपचार थांबवल्यावर अनेकांचा आलेला रंग पुन्हा गेला होता. म्हणून भरलेल्या जागी टॅक्रोलिमस आठवड्यातून दोनदा लावत राहायला सांगतात. फ्रान्समधल्या एका चाचणीत त्याने डाग परत येण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी झालं होतं.

हट्टी डाग वर्षभर अजिबात पसरले नसतील, तर मांडीवरच्या त्वचेतून रंगपेशी काढून तिथे बसवण्याची शस्त्रक्रिया असते. कोड पसरत असताना ती करत नाहीत. काही जण हातांचे डाग तसेच सोडतात आणि फक्त चेहऱ्यावर उपचार करतात, काही जण लग्नकार्यापुरता डाग झाकणारा कॅमोफ्लाज मेकअप वापरतात, काही जण काहीच करत नाहीत. हे सगळे निर्णय शहाणपणाचे असू शकतात; डागाने जिवाला धोका नाही. त्याबद्दल मोकळेपणाने बोलायचं तर पुण्यातल्या डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांसाठी काम करते. त्या स्वतः डॉक्टर आहेत आणि त्यांना स्वतःला कोड आहे.

उपचार बंद झाल्यावर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी दाखवून या. मधल्या काळात भरलेल्या डागात पुन्हा पांढरा ठिपका दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात जा, आणि जाताना ती वही सोबत न्या.